मोघेसर वाट मोकळी करतात

जपानमधला एकही डोंगर मोघेसरांच्या परीक्षेत धड पास झाला नाही. फुजी तेवढा काठावर सुटला, तोही उंचीमुळे नव्हे, माथा ऐसपैस आहे म्हणून. टोकियोतली तोझाई लाइनची गाडी आमचं निशी-कसाई स्टेशन सोडून नदीवरच्या पुलावर आली की हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी लांबवर फुजी दिसतो. डबाभर माणसं माना वळवून त्याच्याकडे बघत होती आणि मोघेसर मला सांगत होते, "बालेकिल्ला सहज बसला असता हो वर. पण ह्यांनी बांधला नाही. पाण्याचं एक टाकं खोदलेलं नाही. एवढा डोंगर मिळून उपयोग काय मग?" सकाळच्या त्या गाडीत जपानी माणूस शिंकला तरी शेजाऱ्याची माफी मागतो. सरांचा आवाज मात्र समोरच्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारावी असा. फुजीने सगळं निमूटपणे ऐकून घेतलं.

मोघेसर म्हणजे आमच्या निशी-कसाईतल्या मराठी मंडळींचे ट्रेकप्रमुख. त्यांना कुणी नेमलं हे विचारण्यात अर्थ नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'सह्याद्री ते आल्प्स' नावाचा ग्रुप त्यांनी काढला, त्यात आम्हाला घातलं आणि पहिल्याच मेसेजखाली 'तुमचा लीडर' अशी सही केली. मूळचे कोथरूडचे. जपानी कंपनीत सॉफ्टवेअर प्रोजेक्टचे मॅनेजर. वय साठीच्या उंबऱ्यावर, पण कुणी 'काका' म्हटलं की चेहरा कसनुसा व्हायचा. ऑफिसात ते मोघे-सान होते, आमच्यात मोघेसर. बारीक, काटक, डोक्यावर कायम एक रंग उडालेली टोपी, जिने म्हणे सह्याद्रीतले सगळे घाट पाहिलेत. टोपी बोलत नसल्यामुळे खातरजमा करायची सोय नव्हती.

निशी-कसाई हा भाग तळहातासारखा सपाट. इथला सगळ्यात मोठा चढ म्हणजे स्टेशनचा जिना. तेव्हा सराव करायचा कुठे, तर सर सॅकमध्ये तुरीच्या डाळीच्या पिशव्या भरून आपल्या इमारतीचे जिने चढायचे-उतरायचे. खालच्या मजल्यावरच्या एका जपानी आजींनी एकदा त्यांना ओझ्याने वाकून, घामाघूम होऊन जिना चढताना पाहिलं. आजी लगबगीने गेल्या, लिफ्टचं बटण दाबलं आणि दार हाताने धरून अदबीने उभ्या राहिल्या. 'मी व्यायाम करतोय' हे जपानीत कसं म्हणायचं ते सरांना ठाऊक नव्हतं. ते गुपचूप लिफ्टमध्ये शिरले, वर गेले, आणि आजी आता गेल्या असतील अशा हिशेबाने जिन्याने उतरले. आजी तिथेच होत्या. त्यांनी पुन्हा लिफ्ट धरली.

इतकी वर्षं जपानात काढून सरांच्या पदरात दोनच जपानी शब्द पडले होते. 'सुमिमासेन', म्हणजे माफ करा, आणि 'दाइजोबु', म्हणजे सगळं ठीक आहे. पहिला ते फारसा वापरत नसत. दुसऱ्यावर त्यांचं सगळं चालायचं. सर, पावसाचा अंदाज आहे. दाइजोबु. सर, बस चुकेल. दाइजोबु. एकदा माझ्या नवऱ्याच्या, केदारच्या बुटाचा तळ निम्मा सुटून लोंबायला लागला, तेव्हाही सरांनी वाकून नीट पाहिलं आणि म्हणाले, "दाइजोबु. सह्याद्रीत लोक अनवाणी चढतात."

जपानी पायवाटांवर त्यांचा विशेष राग होता. इथले लोक डोंगरातल्या वाटेची घरच्या अंगणासारखी निगा राखतात. चढावर लाकडाच्या पायऱ्या, कड्यापाशी साखळी, दलदलीवर फळ्या, फाट्यावर पाटी. खडकावर रंगाने गोल काढलेला असला तर इकडून या, फुली असली तर येऊ नका. सरांना हा सगळा पोरखेळ वाटायचा. "ही वाट नव्हे वहिनी, हा फूटपाथ आहे," असं ते मला प्रत्येक पायरीगणिक ऐकवत. पायऱ्यांवरून चढत चढतच ऐकवत, हे सांगायला हवं. "वाट विचारायची नसते, वाचायची असते," हे त्यांचं आणखी एक आवडतं वाक्य. केदारने फोनवर नकाशा उघडला की परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलाकडे बघावं तसं ते त्याच्याकडे बघायचे.

पण त्यांची एक सवय मला मनापासून आवडायची. वाटेत काही आडवं दिसलं, फांदी, दगड, काटेरी झुडूप, की ते उचलून बाजूला करायचे. पुण्याच्या त्यांच्या जुन्या ग्रुपची ती शिस्त होती. पावसाळा संपल्यावरच्या पहिल्या ट्रेकला कोयता घेऊन जायचं आणि माजलेलं रान तोडून वाट मोकळी करायची. "मागून येणाऱ्याची सोय," म्हणायचे. आणि नुसतं उचलून थांबायचे नाहीत. बुटाने जागा झाडायचे, उचललेल्या फांद्या कडेला एकावर एक रचून ठेवायचे. घरात चहाचा कप कधी जागेवरून न हलवणारा हा माणूस डोंगरात एवढा टापटिपीचा कसा होतो, हे कोडं त्यांच्या बायकोलाही सुटलं नव्हतं.

कचऱ्याच्या बाबतीत मात्र त्यांची तत्त्वं निराळी होती. जपानी डोंगरात कचऱ्याची पेटी नसते. आपला कचरा आपण घरी न्यायचा आणि तिथे वेगवेगळा करून टाकायचा. ताकाओच्या डोंगरावर सरांनी संत्रं सोललं आणि सालं झाडाखाली भिरकावली. "निसर्गाचं निसर्गाला." शेजारी बसलेले एक जपानी गृहस्थ उठले, एकेक साल वेचलं, स्वतःच्या पिशवीत घातलं, सरांना कमरेतून वाकून नमस्कार केला आणि गेले. सरांचा ऊर भरून आला. "बघितलंत? किती आदर आहे ह्या लोकांना आपल्याबद्दल!" माझी मुलगी मीरा इथेच वाढलेली, तिला हे असह्य झालं. "ओजिसान, दॅट वॉज नॉट रिस्पेक्ट," एवढं बोलून ती निघून गेली. 'ओजिसान' म्हणजे काका. सालं कमी लागली असतील, काका जास्त लागला. पण पुढच्या ट्रेकपासून सर वाटेवरचं दिसेल ते प्लास्टिक वेचून खिशात घालायला लागले. मध्यम मार्ग त्यांच्या नकाशात नव्हताच.

आता सुलभाताई. सरांच्या पत्नी. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आल्या, पहिली काही वर्षं घरात बसून काढली, आणि मग कुणालाही न विचारता स्टेशनजवळच्या सुपरमार्केटात जेवणाचे डबे भरण्याच्या विभागात बायतो, म्हणजे पार्टटाइम काम धरलं. बरोबरच्या बायका सगळ्या जपानी, साठी-सत्तरीच्या. भात भरता भरता सुलभाताई त्यांच्याकडून जपानी शिकल्या. पुस्तकातली नव्हे, सासू-सुनांच्या गाऱ्हाण्यांतली. सर म्हणायचे, "तिचा वेळ जातो हो." सरांचं घरभाड्याचं, दातांच्या डॉक्टरचं आणि इमिग्रेशनचं सगळं बोलणं त्या वेळ जाण्यातूनच व्हायचं.

सुलभाताईंनी पहिल्या पगारातून काय घेतलं असेल, तर घंटा. इथे डोंगरात अस्वलं आहेत. चालताना सॅकला पितळेची छोटी घंटा लावतात. आवाज ऐकून अस्वल आपण होऊन लांब जातं. सरांनी ती पाहिली आणि कपाळाला हात लावला. "घंटा बैलाच्या गळ्यात बांधतात सुलभा, ट्रेकरच्या नाही. जंगलाची शांतता म्हणून काही असते!" हे ते ज्या पट्टीत म्हणाले ती ऐकून पंचक्रोशीतली अस्वलं तशीही पळाली असतील. सुलभाताईंनी घंटा काढली नाही. मग तडजोड अशी निघाली की घंटेचा त्रास इतरांना नको म्हणून त्यांनी सगळ्यांच्या मागून चालायचं.

ट्रेकचा एक नियम असतो. पुढे लीडर, आणि सर्वांत मागे एक अनुभवी माणूस, जो कुणाला मागे राहू देत नाही. त्याला शेपूट म्हणतात. आमच्यात शेपूट कोण, असं केदारने एकदा विचारलं. सर म्हणाले, "सुलभा. ती तशीही मागेच असते." शेपूटच मागे राहिलं तर त्याला कोण बघणार, हा प्रश्न कुणाला पडला नाही. सुलभाताईंना पडला असावा. त्या हसल्या आणि घंटा सरळ केली.

नागानो आणि गिफू या दोन प्रांतांच्या शिवेवर, जपानी आल्प्सच्या कुशीत एक दरी आहे. नाव सांगत नाही, आधीच गर्दी फार झाली आहे. खाजगी गाड्या आत सोडत नाहीत, बसनेच जायचं, आणि शेवटची बस दिवस कलायच्या आत निघते. ती चुकली की दरीत अडकलात. काचेसारखी नदी, तिच्यावर झुलता पूल, दोन्ही अंगांना बर्फाचे डाग असलेले सुळके. पानं लाल-पिवळी व्हायच्या दिवसांत आम्ही तिथे गेलो. आदल्या दिवशी मात्सुमोतोला मुक्काम केला आणि पहिल्या बसने दरीत शिरलो.

दुपारच्या आत खिंडीत पोचलो. तिथे सीमेचा खांब आहे, अलीकडे नागानो, पलीकडे गिफू. सरांनी एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे टाकला, टोपी ठाकठीक केली आणि गर्जना केली, "आपली हद्द इथपर्यंत!" खांबाशी बसून भाताचे गोळे खाणाऱ्या जपानी जोडप्याने घाईघाईने आपल्या सॅक उचलून सरांना जागा करून दिली. मीरा आमच्याबरोबर नसल्यासारखी लांब जाऊन उभी राहिली.

परतीची वाट त्याच दरीत, पण दुसऱ्या अंगाने उतरत होती. उतारावर सुलभाताईंचे गुडघे बोलायला लागतात. मी थांबते म्हटलं, तर त्यांनी हातानेच "जा, जा" केलं. बराच वेळ मागून घंटा ऐकू येत होती. मग सरांनी एका पावसाळी ट्रेकची लांबलचक गोष्ट सुरू केली आणि घंटा ऐकू येईनाशी झाली.

एका वळणावर वाट फुटली. सरळ जाणारी चांगली रुंद, डावीकडे उतरणारी अरुंद. सरळ वाटेच्या तोंडावर तीन ओंडके आडवे पडले होते, आणि शेजारच्या झाडाला गुलाबी प्लास्टिकची पट्टी बांधलेली होती.

"पाहिलंत?" सर थांबले. "वादळात झाड पडलंय. एवढे लोक येतात-जातात, पण उचलणार कोण? शिस्त शिस्त म्हणतात, एक ओंडका हलवत नाहीत!"

"पण सर, आपल्याला डावीकडे जायचंय," केदार फोन बघत म्हणाला.

"आपल्याला डावीकडे जायचंय रे. ज्याला सरळ जायचं असेल त्याने काय करायचं?"

मीरा हे ऐकायला नव्हती, ती केव्हाच डावीकडे उतरून गेली होती. सरांनी सॅक उतरवली. एकेक ओंडका उचलून कडेला नेला, तिन्ही व्यवस्थित रचले, बुटाने पालापाचोळा सारून जागा लख्ख केली. मग झाडाची गुलाबी पट्टी सोडली, "प्लास्टिक!" असं म्हणून खिशात कोंबली, आणि हात झटकून आम्हाला डावीकडे घेऊन गेले. ते ओंडके पडलेले नव्हते, ठेवलेले होते, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. इथल्या डोंगरात लाकूड आडवं ठेवलं की त्याचा अर्थ एकच असतो, आणि तो शाळेतल्या मुलालासुद्धा कळतो. आम्ही मात्र सगळे पदवीधर.

डावीकडची वाट थोड्याच वेळात एका डोंगरझोपडीपाशी उतरली. तिथे गरम करी-राइस मिळतो. सर पहिला घास घेऊन मसाल्यावर टीका करायला लागले. खिडकीबाहेर धुकं उतरत होतं. आमची जेवणं झाली, ताटल्या परत देऊन झाल्या, आणि सुलभाताई आल्या नाहीत.

"दाइजोबु," सर म्हणाले. "फोटो काढत बसली असेल."

फोनला रेंज नव्हती. धुकं झोपडीच्या पायरीपर्यंत आलं. मी म्हटलं, सर, बराच वेळ झाला. "दाइजोबु हो वहिनी, तिचे गुडघे..." एवढं बोलून ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा दारापर्यंत गेले. झोपडीवाल्याने भिंतीवरच्या बसच्या वेळांवर बोट ठेवून काहीतरी विचारलं. सर्वांनी सवयीने इकडेतिकडे पाहिलं, कारण अशा वेळी उत्तर द्यायला सुलभाताई असायच्या. सर तसेच, टोपी टेबलावर विसरून, चढाला लागले. झोपडीवाल्याला उत्तर द्यायला मीराला तिथेच ठेवून मागोमाग केदार आणि मी.

"सुलभा!" सर हाका मारत होते. ज्या आवाजाची मी इतकी वर्षं चेष्टा केली, तो धुक्यात चार पावलांवर विरून जात होता. मला भीती वाटत होती आणि त्यांचा भयंकर राग येत होता, दोन्ही एकदमच.

फाट्यावर आलो आणि सर थांबले. कडेला त्यांनी रचलेले तीन ओंडके होते. समोर त्यांनी झाडून साफ केलेली ओली माती होती. त्या मातीत एका बुटाचा ठसा होता, छोटा, ताजा, सरळ जाणारा. वाट विचारायची नसते, वाचायची असते. सरांनी वाचली. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो आणि त्याची थट्टा करायचं मला जमत नाही.

केदार हळूच म्हणाला, "सर, नकाशात पुढे वाटच नाहीये. दरड कोसळलीय असं दाखवतंय."

सर ऐकायला थांबलेच नाहीत. हात पुढे करून धुक्यात चालायला लागले, पायांकडे न बघता. केदारने धावत जाऊन मागून त्यांची सॅक धरली. आणि तेवढ्यात घंटा वाजली. सरांनी बैलाची म्हटलेली तीच घंटा, बारीक, थांबत थांबत, पण आमच्या दिशेने येणारी.

आधी सुलभाताई दिसल्या, मग त्यांचा दंड धरलेली एक जपानी बाई, सत्तरीच्या पुढची, पाठीवर आपल्या दुप्पट सॅक. सुलभाताईंची पँट गुडघ्यापाशी फाटली होती, तळहात सोलले होते, केसांत पाला होता.

"अगं, होतीस कुठे तू?" सर ओरडले. प्रेमाची भाषा त्यांना मराठीतही येत नव्हती.

सुलभाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या जपानी बाई, नोगुची-सान त्यांचं नाव, अतिशय मऊ आवाजात काहीतरी सांगू लागल्या. मधूनमधून मान लववत होत्या.

"काय म्हणतायत?" सरांनी विचारलं.

सुलभाताईंनी भाषांतर केलं, बँकेत आणि इमिग्रेशनमध्ये करायच्या त्याच आवाजात. "म्हणतायत, पुढे दरड कोसळून वाट तुटलीय. मी तिथून घसरले. गवताला धरून थांबले, म्हणून आहे. उठता येईना, तर बसून हाताने घंटा वाजवत राहिले. ह्या मागून उतरत होत्या. जिथे वाट नाही तिथून घंटा कशी येते, म्हणून बघायला आल्या."

नोगुची-सान पुन्हा बोलल्या.

"म्हणतायत, ही वाट बंद आहे हे कळावं म्हणून फाट्यावर लाकडं आडवी टाकलेली असतात. ती कुणीतरी काढलीत." सुलभाताईंनी केसांतलं एक पान काढून टाकलं. "म्हणतायत, लहान मुलांनी काढली असतील. मुलांना कळत नाही. मी म्हटलं, हो. मुलांनीच काढली असणार."

सरांना घाम फुटला होता. तो पुसायला त्यांनी खिशातून रुमाल ओढला आणि रुमालाबरोबर ती गुलाबी पट्टी बाहेर येऊन चिखलात पडली.

नोगुची-साननी पट्टीकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. "आ," एवढंच म्हणाल्या. वाकून पट्टी उचलली आणि मऊ आवाजातच त्यांना विचारलं, "दाइजोबु देस का?" म्हणजे, तुम्ही ठीक आहात ना?

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरांना त्याचं उत्तर सुचलं नाही.

फाट्यावर येताच ते ओंडक्यांकडे धावले. तिन्ही एकट्याने उचलून आडवे टाकले, केदारला हात लावू दिला नाही. नोगुची-साननी एक थोडा सरळ केला, झाडाला पट्टी बांधली, आणि आम्ही सगळे सुलभाताईंच्या चालीने उतरलो. झोपडीपाशी मीरा सरांची टोपी घेऊन उभी होती. झोपडीवाल्याने खालच्या थांब्यावर फोन करून ठेवला होता म्हणून बस मिळाली. बसमध्ये सुलभाताई माझ्या शेजारी बसल्या. सर पुढच्या बाकावर, सॅक मांडीवर घेऊन.

"वाट कशी चुकलात हो?" मी हळूच विचारलं.

"चुकले कुठे?" त्या म्हणाल्या, हळू वगैरे नाही, नेहमीच्या आवाजात. "फाट्यावर आले. एका बाजूला अडगळीची वाट, दुसऱ्या बाजूला झाडून ठेवलेली. कडेला लाकडं रचलेली. असं रचून दुसरं कोण ठेवणार? म्हटलं, हे इकडूनच गेलेत." त्यांनी बाहीने खिडकीची काच पुसली. "मला तर वाटलं, आज माझ्यासाठी केलीय. मागून येणाऱ्याची सोय म्हणतात ना. मागून येणारी मी एकटीच होते."

पुढच्या बाकावरची टोपी हलली नाही.

यानंतर मोघेसर बदलले असतील असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे यायला हवं होतं. सर हातात चकली घेऊन नव्या मंडळींना सांगत होते, "तो रेस्क्यू म्हणजे साधासुधा नव्हता. धुकं, दरड, शेवटची बस. मी म्हटलं, कुणी घाबरायचं नाही." सुलभाताई चिवड्याचा डबा घेऊन तिथेच उभ्या होत्या.

"आणि लाकडं कुणी काढली होती, तेही सांगा की," त्या म्हणाल्या.

"ती ना," सर चकली मोडत म्हणाले, "ती लहान मुलांनी."

"हो, साठीला आलेल्या."

पहिल्यांदा केदार हसला, मग सगळेच. सरसुद्धा हसले, जरा उशिरा. त्याच दिवशी सुलभाताईंनी जाहीर केलं की वसंत ऋतूपासून त्या नोगुची-सानच्या बायकांच्या ग्रुपबरोबर डोंगरात जाणार आहेत. सरांनी विचारलं, "आणि मी?"

"या की. शेपूट लागतंच."

आणि ते खरोखरच जाऊ लागले. सत्तरीच्या सात-आठ जपानी बायका, त्यांच्यात हसत-बोलत पुढे चालणाऱ्या सुलभाताई, आणि सर्वांत मागे मोघेसर. त्या बायका त्यांना 'मोघे-चान' म्हणतात असं मीराने येऊन सांगितलं. 'चान' लहान मुलांना लावतात, हे सरांना कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. काही सुखं माणसाने स्वतःपाशी ठेवावीत.

गेल्या मार्चमध्ये सर निवृत्त झाले आणि दोघं पुण्याला परत गेली. त्याआधीच्या शरद ऋतूत मी त्या ग्रुपबरोबर त्याच दरीत गेले होते. उतारावर माझाच गुडघा कुरकुरायला लागला होता, त्यामुळे सुलभाताई आणि त्यांची घंटा पुढे खाली, शेवटून दुसरी मी आणि शेवटचे सर. संपूर्ण उतारभर ते मला साखळ्या आणि पायऱ्यांवर व्याख्यान देत होते. धुकं उतरायला लागलं होतं. फाटा आला. मी डावीकडे वळून थोडी खाली उतरले, आणि मागचा आवाज बंद झाला म्हणून वळून पाहिलं.

फाट्यावरचा एक ओंडका पावसाने घसरून बाजूला झाला होता. सरांनी आजूबाजूला पाहिलं. मी झाडीत असल्याने दिसत नव्हते. त्यांनी वाकून ओंडका उचलला, आडवा टाकला, पाऊल मागे घेऊन बघितला, पुन्हा थोडा सरकवला. "टाकायचा कसा, तेही ह्यांना मीच शिकवायचं," असं पुटपुटले. झाडाची पट्टी जरा घट्ट केली. आणि मग टोपी मागे सारून तिथेच उभे राहिले. ना त्यांनी खाली वाकून माती पाहिली, ना डावीकडच्या वाटेकडे मान वळवली. धुक्यात नुसते कान देऊन थांबले. खालून घंटेचा आवाज आल्यावर त्या बाजूला वळले.